मंदिराची जागा, शेजाऱ्यांची हरकत आणि पलीकडच्या गावातली मशीद

मला आलेल्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या एका निमशहरी टाऊनशिपमध्ये, म्हणजे स्वतःचं स्थानिक प्रशासन असलेल्या गावात, मराठी कुटुंबांच्या एका संस्थेला मंदिरासाठी ५ एकरांवरचं जुनं घर घ्यायचं आहे. शेजाऱ्यांनी ट्रॅफिक, पार्किंग, आवाज आणि विहिरीचं पाणी यावरून हरकत घेतली आहे. संस्थेतल्या काहींच्या मते हा सरळसरळ धर्मद्वेष आहे, कोर्टात जायला हवं. काही म्हणतात, नाद सोडा, शाळेचा हॉल भाड्यानं घेत राहू. शेवटी दबक्या आवाजात एक वाक्य आहे: पलीकडच्या गावात मशिदीचा अर्ज आला आहे आणि त्याविरुद्धच्या निवेदनावर 'आपल्यातल्याही' काहींनी सह्या केल्या आहेत.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. गेली २६ वर्षं याच राज्यात साइट प्लॅन आणि ट्रॅफिकचे अहवाल तयार करते आणि बोर्डापुढे शपथेवर साक्ष देते. त्यात चर्च आली, देवळं आली, एक गुरुद्वारा, एक सिनेगॉग आणि दोन मशिदीही आल्या. वकील तुम्हाला लागेलच, त्याचं काम मी करत नाही. पण ही भांडणं कुठे पेटतात आणि कुठे मिटतात, ते मी समोर बसून पाहिलं आहे.

सगळ्यात आधी टाऊनशिपच्या झोनिंगच्या नियमांत, म्हणजे कुठल्या भागात जमिनीचा कसला वापर चालतो या नियमांत, तुमची जागा कुठे बसते ते बघा. जागेचा व्यवहार पक्का करण्याआधी बघा, आणि करारात 'मंजुरी मिळाली तरच खरेदी' असं कलम घाला. त्या झोनमध्ये प्रार्थनास्थळाला थेट परवानगी असेल, तर अर्ज प्लॅनिंग बोर्डाकडे जातो. परवानगी सशर्त असेल, म्हणजे किमान इतके एकर हवेत, मुख्य रस्त्याला लागून हवं वगैरे, तर त्यातली प्रत्येक अट पाळता येते का ते तपासा. एक जरी अट चुकली किंवा प्रार्थनास्थळाला परवानगीच नसेल, तर झोनिंग बोर्डाकडे व्हेरिअन्स, म्हणजे नियमातून सूट, मागावा लागतो आणि त्याला सातांपैकी पाच मतं लागतात. पाच म्हणजे पाच. त्या रात्री बोर्डाचे पाचच सदस्य हजर असतील तर एकाचंही 'नाही' तुम्हाला बुडवतं. अशा वेळी मतदान पुढे ढकलायची विनंती करण्यात काही कमीपणा नाही. उपस्थिती न मोजता मतदानाला गेलेले अर्ज पडताना मी पाहिले आहेत.

न्यू जर्सीत तुमच्या बाजूनं एक मोठी गोष्ट आहे. इथली न्यायालयं प्रार्थनास्थळाला मुळातच लोकहिताचा वापर मानतात. रुग्णालय किंवा शाळा ज्या पंगतीत बसते, त्याच पंगतीत. या बाबतीतला १९९४ चा एक महत्त्वाचा निकाल आपल्याच बंगाली बांधवांच्या कालीबाडी मंदिराचा आहे. रेडिंग्टन टाऊनशिपच्या बोर्डानं त्यांना नकार दिला होता, अपिलात तो नकार टिकला नाही. अशा अर्जांत बोर्डाला चार पायऱ्यांनी विचार करावा लागतो: लोकहित किती मोठं, शेजाऱ्यांना त्रास किती, अटी घालून तो त्रास कमी करता येतो का, आणि शेवटी या सगळ्याचं तोलमाप. बहुतेक संस्था पहिल्या पायरीवर जीव ओततात. देवाचं माहात्म्य, मुलांवरचे संस्कार, मातृभाषा यावर तासभर भाषणं होतात. बोर्डाला त्यातलं फार काही लागत नाही, कारण लोकहित कायद्यानं आधीच धरलेलं असतं. खरी लढाई तिसऱ्या पायरीवर आहे. कुठल्या अटी आपण स्वतःहून स्वीकारतो, हे आधीच कागदावर मांडून न्या.

आता हरकतींकडे येते. तुम्ही चारही हरकती एका गाठोड्यात बांधून त्यावर 'धर्मद्वेष' अशी चिठ्ठी लावू नका. गाठोडं सोडा आणि एकेक हरकत हातात घेऊन बघा.

विहिरीचं पाणी ही खरी हरकत आहे. तुमच्या भागात सार्वजनिक ड्रेनेज नसेल तर सगळा भार सेप्टिकवर, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या टाकीवर. चार माणसांच्या घरासाठी बसवलेलं सेप्टिक रविवारी दीडशे माणसांच्या महाप्रसादाला पुरणार नाही. ज्या बाईच्या घरात विहिरीचं पाणी येतं तिला ही काळजी वाटणं अगदी रास्त आहे. जमिनीची पाझर-चाचणी आधी करून घ्या. निकाल वाईट आला तर ही जागा सोडा, दुसरी मिळेल.

काही वर्षांपूर्वी एका मंदिराच्या कामात एक वयस्क शेजारीण प्रत्येक हिअरिंगला यायची आणि विरोधात बोलायची. संस्थेतले सगळे तिला आकसाची म्हणून मोकळे झाले होते. मी एका संध्याकाळी तिला विचारून तिच्या घरी गेले. तिनं मला थेट झोपायच्या खोलीत नेलं आणि खिडकीसमोर उभं केलं. आमच्या नकाशात पार्किंगमधून बाहेर पडायची वाट बरोबर त्या खिडकीच्या रोखानं होती. रात्री आरती संपल्यावर निघणाऱ्या प्रत्येक गाडीचे दिवे तिच्या उशीवर पडले असते. नकाशा मीच काढला होता, पण मला ते दिसलं नव्हतं, कारण नकाशात खिडक्या नसतात. आम्ही वाट ४० फूट सरकवली, हद्दीवर सहा फुटी कुंपण आणि त्याला लागून सदाहरित झाडांची रांग दाखवली. पुढच्या हिअरिंगला ती आली, पण मायक्रोफोनकडे गेली नाही. त्या रात्री मंजुरी मिळाली.

पार्किंगवर मात्र मला सविस्तर बोलायचं आहे. सगळ्यात जास्त खेळ याच आकड्यात होतो, आणि तुमच्या अर्जातला सर्वांत कच्चा दुवाही बहुधा हाच असेल.

इथल्या अनेक टाऊनशिपमध्ये नियम असा असतो: चर्चमध्ये दर तीन आसनांमागे गाडीची एक जागा. चर्चमध्ये बाक असतात, आसनं मोजता येतात. आपण बसतो सतरंजीवर. मग आसनं किती? इथे बोर्डाला मोकळं रान मिळतं. बांधकाम संहितेत नुसत्या सुट्या खुर्च्या मांडलेल्या हॉलसाठी माणशी ७ चौरस फूट धरतात आणि टेबल-खुर्च्या असतील तर १५ चौरस फूट. समजा, तुमचा सभामंडप १,५०० चौरस फुटांचा आहे. सातानं भागलं तर २१४ माणसं, म्हणजे ७२ गाड्यांची जागा. पंधरानं भागलं तर १०० माणसं, म्हणजे ३४ गाड्यांची. मंडप तोच, देव तोच, येणारी माणसंही तीच, पण पार्किंग दुपटीच्या वर. ३४ गाड्या झाडं न तोडता मावतात. ७२ गाड्यांना डांबराचं मैदान करावं लागतं, मैदान केलं की पावसाच्या पाण्यासाठी मोठा तलाव खणावा लागतो, तलाव खणला की पाणथळ जमिनीपासून सोडायचं अंतर कमी पडतं, आणि मग अर्ज 'तांत्रिक कारणानं' नाकारला जातो. या साखळीत धर्म हा शब्द कुठेही उच्चारला जात नाही.

म्हणून आकडा तुम्ही आधी सिद्ध करा. सध्या जिथे जमता तिथे सलग सहा रविवार मोजणी करा. दारात एक माणूस, पार्किंगमध्ये एक. आम्ही तर चपला-बुटांचे जोडही मोजलेले आहेत, कारण लोक एका दारानं येतात आणि दुसऱ्यानं जातात, पण चपला एकाच जागी राहतात. आपल्याकडे आजी-आजोबा, मुलं, शेजारची मुलं असे एका गाडीत पाच-सहा जण येतात, ते त्या कागदावर दिसू द्या. मग गणेश चतुर्थीचा दिवस वेगळा मांडा. त्या दिवशी गर्दी तिप्पट होते हे लपवू नका. जवळच्या शाळेच्या किंवा ऑफिसच्या पार्किंगशी लेखी करार, तिथून शटल, रस्त्यावर पोलीस अधिकारी आणि त्याचा खर्च संस्थेकडे, हे सगळं अर्जातच लिहा. वर्षातल्या अशा दिवसांची संख्याही स्वतःच ठरवून द्या. ज्यांनी 'आमच्याकडे गर्दी होतच नाही' असं शपथेवर सांगितलं आणि नंतर नवरात्रात रस्ता तुंबला, त्यांच्यामुळे पुढच्या तीन संस्थांना त्रास झाला.

हाच पार्किंगचा आकडा कायद्याच्या दृष्टीनं किती महाग पडू शकतो, हे याच राज्यातल्या बर्नार्ड्स टाऊनशिपनं पाहिलं आहे. तिथल्या मुस्लिम संस्थेनं २०११ मध्ये लिबर्टी कॉर्नर भागात सुमारे चार एकर जागा घेतली. संस्थेचे प्रमुख त्याच गावाचे माजी महापौर होते. त्या झोनमध्ये प्रार्थनास्थळाला थेट परवानगी होती. २०१२ मध्ये अर्ज गेला आणि त्यावर साडेतीन वर्षांत ३९ हिअरिंग झाली. एकोणचाळीस! मी एका मोठ्या शॉपिंग सेंटरचं काम केलं आहे, त्यालाही इतकी झाली नव्हती. १५० माणसांच्या मशिदीला 'तीन आसनांमागे एक' या नियमानं ५० गाड्यांची जागा पुरली असती. बोर्डानं म्हटलं, तो नियम चर्चसाठी आहे, आणि १०७ मागितल्या. दरम्यान त्या जागेवरच्या पत्रपेटीवरची संस्थेच्या नावाची अक्षरं कुणीतरी बदलून 'आयसिस' अशी केली. डिसेंबर २०१५ मध्ये अर्ज फेटाळला गेला. संस्था न्यायालयात गेली, पाठोपाठ २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानंही टाऊनशिपवर दावा लावला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी न्यायाधीशांनी पार्किंगच्या मुद्द्यावर संस्थेच्या बाजूनं निकाल दिला, कारण चर्चला एक आणि मशिदीला दुसरी मोजपट्टी लावता येत नाही. मे २०१७ मध्ये तडजोड झाली. मशिदीला परवानगी आणि वर ३२ लाख ५० हजार डॉलर.

ज्या कायद्यावर हा दावा उभा राहिला तो २००० सालचा आहे, इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला RLUIPA म्हणतात. अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी तो एकमतानं मंजूर केला होता. त्याच्या मागे एका कॅथलिक चर्चची गोष्ट आहे. टेक्सासमधल्या बर्नी गावातल्या या चर्चला रविवारची गर्दी मावेना म्हणून इमारत वाढवायची होती. गावानं वारसा जपण्याचं कारण देऊन परवानगी नाकारली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चर्च हरलं. त्यानंतर जमिनीचा वापर आणि तुरुंगासारख्या संस्थांत ठेवलेल्या व्यक्ती यांच्यापुरता हा नवा कायदा आला. जमिनीबाबत तो चार गोष्टी सांगतो: ठोस कारणाशिवाय धर्माचरणावर मोठा भार टाकू नका, धार्मिक संस्थेला इतर सभागृहांपेक्षा वाईट वागणूक देऊ नका, धर्माधर्मांत भेद करू नका आणि गावातून प्रार्थनास्थळं पूर्णपणे हद्दपार करू नका. त्याचा एक ठळक लाभार्थी कॅलिफोर्नियातल्या युबा सिटीचा गुरुद्वारा. जेमतेम ७५ माणसांसाठीची जागा हवी होती. आधी निवासी भागात अर्ज केला, तर आवाज आणि रहदारीचं कारण निघालं. मग ते गावाबाहेर सुमारे २९ एकर शेतजमिनीवर गेले, तर 'गावापासून फार तुटक' असं कारण निघालं. वस्तीत आवाज, वस्तीबाहेर दूर. २००६ मध्ये अपील न्यायालयानं काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाचा, नकार बेकायदा ठरवला.

तरीही तुम्हाला माझा सल्ला आहे की या कायद्याचं नाव पहिल्या बैठकीत काढू नका. तो कायदा तुम्हाला सेप्टिकच्या चाचणीतून, आगीच्या बंबाच्या वाटेतून किंवा पाणी-निचऱ्यातून सूट देत नाही. शिवाय न्यायालयात जायची वेळ आलीच, तर तिथे उपयोगी पडते ती तुम्ही आधी प्रामाणिकपणे केलेली तयारी. युबा सिटीच्या शिखांनी त्यांच्यावर घातलेली प्रत्येक अट मान्य केली होती, निकालात ते महत्त्वाचं ठरलं. म्हणून प्रत्येक हिअरिंगची नोंद ठेवा, प्रत्येक मागणीला लेखी उत्तर द्या, आणि गेल्या वीस वर्षांत याच बोर्डानं चर्चला किती पार्किंग मागितलं, किती हिअरिंग घेतली, ते जुने ठराव टाऊनशिपच्या दप्तरातून काढून घ्या. ती सार्वजनिक कागदपत्रं आहेत, अर्ज केला की मिळतात. हरकत खरी की बहाणा, याची माझी कसोटी तिथेच आहे. तोच प्रश्न, त्याच कडकपणे, चर्चला विचारला होता का? विचारला असेल तर निमूट उत्तर द्या. नसेल तर वकिलाला तो ठराव दाखवा.

'आपल्याकडे भारतात असली कटकट नसते' असं तुमच्यापैकी कुणीतरी लिहिलं आहे. असते, फक्त ती वेगळ्या जागी असते. तिथले निदान मी पाहिलेले बरेचसे वाद सार्वजनिक जागेवरचे आहेत. पदपथावरचं देऊळ, रस्त्याच्या कडेची दर्गा, सोसायटीच्या राखीव मोकळ्या जागेतली शेड. २९ सप्टेंबर २००९ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रस्ते, उद्यानं, सार्वजनिक जागा यांवर कुठल्याही धर्माचं नवं अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नका. राज्यघटनेचं २५ वं कलम धर्मस्वातंत्र्य देतं ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. माझ्या बहिणीच्या पुण्यातल्या सोसायटीत मुलांच्या खेळायच्या जागेत बहुमतानं मंदिर उभं राहिलं. विरोध करणारी दोन घरं हिंदूच होती. त्यांना मुलांसाठी घसरगुंडी हवी होती. बहुमत आपल्या बाजूला असलं की नियमाची आठवण होत नाही, हे तिथेही दिसतं आणि इथेही.

आणि त्यामुळेच मी त्या सह्यांकडे येते. तुमच्या पत्रातलं ते शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. मशिदीच्या विरोधातलं ते निवेदन मी वाचलेलं नाही, पण त्यात काय असेल ते मी सांगू शकते: ट्रॅफिक, पार्किंग, आवाज, गावाचं स्वरूप. तुमच्याविरुद्ध जे लिहिलं आहे, शब्दशः तेच. ज्या आपल्या माणसानं तिथे सही केली, त्याची सही उद्या तुमच्या हिअरिंगमध्ये विरोधी वकील वाचून दाखवू शकतो. पण हे व्यवहाराचं झालं. मला त्याहून जास्त बोचतं ते वेगळं. एका मशिदीच्या हिअरिंगला मी तज्ज्ञ म्हणून बसले होते. ट्रॅफिकवर माझी उलटतपासणी दोन तास चालली, ते ठीकच. मग एक गृहस्थ उठले आणि मला विचारू लागले की तिथे मुलांना काय शिकवणार, इमाम कुठून येणार, पैसा कुठला. बोर्डाच्या वकिलानं त्यांना थांबवलं. ते गृहस्थ मराठी होते. त्यांच्या घरच्या सत्यनारायणाला मी जेवलेली होते. मी त्यांना नंतर पार्किंगमध्ये गाठलं आणि विचारलं, "दादा, आपल्या देवळाच्या वेळी असं कुणी विचारलं असतं तर?" ते काही बोलले नाहीत.

न्यूयॉर्कमध्ये फ्लशिंगला बाउन स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. आपल्यातले बहुतेक जण तिथल्या गणपतीला गेलेले असतात, खालच्या कँटीनमधला डोसाही खाल्लेला असतो. ४ जुलै १९७७ ला त्या देवळाची प्रतिष्ठापना झाली. त्याच रस्त्यावर थोडं पुढे जॉन बाउनचं सतराव्या शतकातलं घर उभं आहे. तेव्हा तिथे डचांचा अंमल होता आणि गव्हर्नर स्टायव्हसंटनं क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना थारा द्यायला बंदी केली होती. २७ डिसेंबर १६५७ ला फ्लशिंगच्या ३० रहिवाशांनी त्याविरुद्ध निवेदन दिलं. सह्या करणाऱ्यांत एकही क्वेकर नव्हता. दुसऱ्यांच्या प्रार्थनेसाठी सह्या करून त्यातले काही तुरुंगात गेले. त्या निवेदनात ज्यू आणि 'तुर्क', म्हणजे तेव्हाच्या भाषेत मुसलमान, यांचंही नाव घेतलेलं आहे. पुढे १६६२ मध्ये बाउननं आपल्या घरात क्वेकरांची सभा भरू दिली म्हणून त्याला अटक करून हद्दपार केलं. तो हॉलंडला गेला, वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीपुढे बाजू मांडली आणि १६६३ मध्ये कंपनीनं स्टायव्हसंटला लोकांच्या श्रद्धेत ढवळाढवळ थांबवायला लावली. २०१० मध्ये ग्राउंड झीरोपासून दोन चौक अंतरावरच्या इस्लामी केंद्रावरून देशभर वादळ उठलं, तेव्हा महापौर ब्लूमबर्ग यांनी त्या केंद्राच्या हक्काची बाजू घेताना याच फ्लशिंगच्या निवेदनाची आठवण दिली होती. ठरलं होतं तसं ते केंद्र तिथे झालं नाही, आज त्या जागी घरांसाठी बांधलेला उंच टॉवर आहे. फ्लशिंगचा गणपती मात्र बाउनच्याच रस्त्यावर बसला आहे.

ज्यांनी सह्या केल्या त्यांना संस्थेतून काढा असं मी म्हणणार नाही. त्यांच्याशी बोला. त्यांची हरकत खरोखर रहदारीची असेल तर ती त्यांनी अर्जातल्या ट्रॅफिक अहवालावर, आकड्यांनिशी मांडावी. तो त्यांचा हक्क आहे. तशी नसेल तर सही मागे घेता येते. टाऊनशिपच्या कारकुनाला दोन ओळींचं पत्र पुरतं.

आता पुढच्या महिन्याभराचं काम. पाझर-चाचणीची तारीख ठरवा. रविवारची मोजणी या आठवड्यापासूनच सुरू करा. कायद्यानं तुम्हाला हद्दीपासून २०० फुटांतल्या मालकांना हिअरिंगच्या किमान दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते; तुम्ही त्या नोटिशीच्या आधी, महिनाभर आधी, त्या प्रत्येक दारावर जा. सोबत नकाशा न्या, मिठाई नंतर कधीतरी. दोघांनीच जा, त्यातली एक बाई असू दे, आणि जाऊन विचारा: तुमच्या कुठल्या खिडकीतून ही जागा दिसते?

आणि पलीकडच्या गावातल्या मशिदीच्या पुढच्या हिअरिंगची तारीख काढा. लोकांना बोलायची वेळ येते ती बहुधा रात्री दहाच्या सुमारास, तोवर हॉल अर्धा रिकामा होतो. तुमच्यातल्या एकानं तरी तोपर्यंत थांबावं, नाव-पत्ता सांगून शपथ घ्यावी आणि एवढंच म्हणावं की आम्हीही देवळासाठी जागा शोधतो आहोत, आणि चर्चला जो नियम लावलात तोच यांनाही लावा.